चांदूरकरांचा स्लॅब

नवसंकल्प कॉलनीत एक गोष्ट पन्नास वर्षं कुजबुजत सांगितली जात होती. कुजबुजत म्हणजे गल्लीच्या टोकाला ऐकू जाईल इतपतच. गोष्ट अशी की वसंतराव चांदूरकरांनी आपलं घर गोविंदपुऱ्यातल्या कारखान्यातून उचलून आणलं. एकदम नव्हे, रोज थोडं थोडं, पाळी सुटली की. सिमेंट जेवणाच्या डब्यातून आणि सरिया विजारीच्या पायातून.

सरिया म्हणजे सळई. पण भोपाळात मुरलेल्या मराठी माणसाच्या तोंडी सळई येत नाही. तर घर बांधलं त्या वर्षी वसंतराव म्हणे सायकलवर बसत नसत, तिला हाताला धरून चालत यायचे. सरिया गुडघ्यात वाकतो थोडाच? फाटकावर चौकीदाराने सलाम केला तर मान डोलवत, पण कमरेत लवत नसत. चपलेचा अंगठा तुटला तर तसेच फरपटत घरी, वाकून बघणं नाही. आणि डबा! सकाळी जाताना हलका, संध्याकाळी येताना जड. जगात सगळ्यांचा डबा याच्या उलट असतो.

हा डब्याचा पुरावा केशवराव मोहरीलांचा. केशवराव आणि वसंतराव एकाच खात्यातले फिटर, दोघेही नागपूरकडचे, दोघांचा पत्त्यांचा डाव एकच. पुढे केशवरावांनीही याच कॉलनीत, नेमकं चांदूरकरांच्या समोर घर बांधलं, म्हणजे पाळत ठेवायला लांब जायला नको.

"मी स्वतः उचलून पाहिलाय डबा," ते सांगायचे. "खांदा निखळला असता." खांदा कधी डावा असे, कधी उजवा, ऐकणारे नवे असले तर दोन्ही.

ज्याचा डब्यावर विश्वास बसत नसेल त्याला सरळ घरच दाखवायचं. अख्ख्या कॉलनीत एकट्या चांदूरकरांच्या घराला वर जायला जिना नव्हता. थंडीत निम्मं भोपाळ छतावर ऊन खात बसतं, बायका वड्या-पापड तिथेच घालतात, पोरं पतंग तिथूनच उडवतात. चांदूरकरांचं छत मात्र कोरं. पाण्याची टाकीसुद्धा मागच्या अंगणात, लोखंडी घोडीवर. का बरं? "वर माल आहे," केशवराव डोळा बारीक करून सांगत. "उरलेला."

वसंतराव हे सगळं ऐकत आणि हसत. पत्त्यांच्या डावात कुणी छेडलं की म्हणत, "मग काय, अजून दोन खोल्या काढायच्यात. डबा मोठा घेतलाय."

हसू येत नव्हतं ते त्यांच्या एकुलत्या एका मुलीला. सिंधूला शाळेत पोरं 'सरियावाली' म्हणत. पंधराव्या वर्षी तिने एकदा दाढी करत बसलेल्या बापाला सरळ विचारलं, "बाबा, तुम्ही आणला होता का?" वसंतरावांनी गालावरचा साबण पुसला आणि म्हणाले, "म्हणू दे की लोकांना. चोराच्या दारात कुणी उसनं मागायला येत नाही." हे काही उत्तर नव्हतं. नाही म्हणाले असते तर तिने डोळे मिटून विश्वास ठेवला असता, पण ते नाही म्हणाले नाहीत. तेव्हापासून सिंधूने मनात धरून ठेवलं, की आणला असणार.

आता तीच सिंधू सत्तावन्न वर्षांची. लग्न केलं नाही. कॉलनीच्या मते त्यालाही सरियाच कारण, पण ते जाऊ दे. तुलसी नगरच्या बाजूला एका सरकारी कचेरीत नोकरी, आधी आईचं आजारपण काढलं, मग बापाचं. वसंतराव गेले आणि घर तिच्या नावावर झालं. घर म्हणजे तीन खोल्या, एक व्हरांडा, आणि मधल्या खोलीच्या छताला नकाशासारखी पसरलेली ओल. पावसाळ्यात ती खोलीच्या मधोमध परात मांडून ठेवी आणि टपटप ऐकत टीव्हीचा आवाज वाढवी. दुरुस्तीसाठी किती ठेकेदार आणले! प्रत्येक जण उंबऱ्यातूनच वर बघे आणि ओठ मुरडे. "मॅडम, इसमें हाथ डाला तो पूरा खुल जाएगा."

गुडघे बोलायला लागले तेव्हा तिने विकायचं ठरवलं. कचेरीतली तिची मैत्रीण वैशाली मिसरोदला राहायची. तिच्याच इमारतीत तळमजल्यावर दोन खोल्यांचा फ्लॅट निघाला होता, समोर कडुलिंब, शेजारी वैशाली. मालक भला माणूस, महिनाअखेरपर्यंत थांबतो म्हणाला. सिंधूने त्या फ्लॅटचं छत इतक्या वेळा बघितलं की मालकाला वाटलं, बाई वास्तू बघते आहे. ती फक्त डाग शोधत होती. एकही नव्हता. आयुष्यात पहिल्यांदा कोरड्या छताखाली झोपायचं, एवढीच तिची हौस, आणि त्यासाठी हे घर चांगल्या भावाने जायला हवं होतं. गाठीला दुसरं काही नव्हतं.

गिऱ्हाइकं आली. ओल बघून नाकं दाबली. एकाने तर सांगितलं, "बहनजी, ये तो तोड़ने का ही है," आणि भाव असा सांगितला की सिंधूने त्याला पाणीसुद्धा विचारलं नाही.

आणि मग समोरून हर्षल आला. केशवरावांचा मुलगा, दवाखान्यांना यंत्रं विकणारा, गोड बोलण्याची पोटासाठी सवय लागलेला.

"सिंधूताई, घर आम्हालाच द्या. तोडायचं नाही. वर दोन मजले चढवायचे. मुलींचं होस्टेल. बैतूल, इटारसी, हरद्याच्या किती मुली कोचिंगला येतात इथे! खाली मेस, वर खोल्या."

"या घरावर दोन मजले?"

"बाबा म्हणतात याच्यावर हत्ती नाचवा."

"हत्ती नको," त्याची बायको पिंकी म्हणाली. पिंकी माहेरची इटारसीची. वीस वर्षांच्या संसारात मराठी शिकली होती, पण हिंदीचा हात सोडला नव्हता. "मुलीच बऱ्या. हाथी मेस में बहुत खाएगा."

"एखादा इंजिनियर आणून दाखवा आधी," सिंधू म्हणाली.

"कशाला? बाबांनी सरिया जाताना पाहिलाय ना." हर्षल हसला. "कारखान्याचा माल, ताई. आज असा मिळतो का बाजारात?"

नव्या पायाचा, नव्या स्लॅबचा खर्च वाचणार, म्हणून त्याने भावही तसाच दिला. बाकीच्या गिऱ्हाइकांपेक्षा कितीतरी वर. सिंधूने पुन्हा इंजिनियरचं नाव काढलं नाही. मनात मात्र तिला गंमत वाटली. ज्या गोष्टीने जन्मभर मान खाली घालायला लावली, तीच आज घराची किंमत वाढवत होती. बापाची बदनामी फुकट सोसली इतकी वर्षं. आता तिचं काही मिळत असेल तर मिळू दे की.

पुढच्या रविवारी बयाना, म्हणजे विसार, द्यायचं ठरलं. आणि सिंधूला सुचली स्वच्छता. पाहुणे येणार, पेढे ठेवणार, आणि डोक्यावर ही ओल? निदान मधल्या खोलीचं फुगलेलं प्लास्टर तरी करून घेऊ. आता ज्या घरातून आपण चाललो त्याला पावडर लावायची काय गरज, असं तुम्ही-आम्ही म्हणू. पण दुसऱ्याच्या हवाली करायची वस्तू पुसून द्यायची, हे त्या घरातलं वळण. वसंतराव तर शेजाऱ्याचा पाना परत करतानाही तेल लावून करत. चोर म्हणून ख्याती होती तरी.

मिस्त्री गुरुवारी आला. घोडीवर चढला, हातोडीने ठोकून बघितलं. ढप ढप आवाज आला. "पूरा पोला है, दीदी," म्हणाला आणि एक घाव दिला. मधल्या खोलीच्या निम्म्या छताचं प्लास्टर खाली आलं. धूळ बसेपर्यंत सिंधू दारात पदर नाकाला लावून उभी होती. मग तिने वर बघितलं.

सरिया दिसत होता. गंजलेला, तांबडा, करंगळीपेक्षाही बारीक. पहिला इथे. दुसरा कुठे आहे म्हणून ती नजर सरकवत गेली, गेली, आणि बरीच लांब गेल्यावर तो सापडला. तिसरा पार भिंतीजवळ. मध्ये नुसतं काँक्रीट.

"इतना कम?" तिने विचारलं.

मिस्त्रीने वर बघितलं, मग तिच्याकडे. त्याला कळायचं ते कळलं. अशी छतं त्याने पुष्कळ झाकली असावीत. "बेचना है ना? तो टेंशन नई लेना. जाली मारके दो हाथ प्लास्टर, ऊपर पुट्टी. किसी के बाप को पता नई चलेगा."

"और ऊपर दो मंज़िल चढ़ा दिए तो?"

मिस्त्रीने तंबाखूची चिमूट ओठात सरकवली. "वो लेने वाला जाने," म्हणाला आणि थुंकायला बाहेर गेला.

सिंधू घोडीच्या तिसऱ्या पायरीवर चढली, गुडघ्यांना शिव्या देत. दोन सरियांच्या मध्ये वीत ठेवली. एक वीत मावली, दुसरी मावली, वर चार बोटं उरली. तिला इंजिनियरिंग कळत नव्हतं, पण चाळण आणि झारा यातला फरक कळत होता.

आणि एकदम तिला जिना कळला. म्हणजे नसलेला जिना. लहानपणी शिडी लावून पतंग काढायला चढली तेव्हा आयुष्यात एकदाच मारणारा बाप. अंगणात घोडीवर चढवलेली टाकी. आईने एकदा कुरड्या वर घालू का विचारलं तेव्हा पांढरा पडलेला त्यांचा चेहरा. वर माल नव्हता. वर कुणी जाऊ नये इतकंच होतं. बाबांना सगळं ठाऊक होतं.

घोडीवर तशीच उभी असताना बाहेरून काठीचा आवाज आला. केशवकाका! ऐंशी ओलांडलेला म्हातारा, पण प्लास्टर पडल्याचा आवाज रस्त्यापलीकडून ऐकला होता.

"सिंधू! पडलं का गं प्लास्टर? वा, वा! थांब, मला बघू दे. बारा एमएमचा आहे की नाही बघ. मी हर्षलला म्हटलं होतं, बारापेक्षा बारीक निघाला तर मिशी उतरवीन."

सिंधू घोडीवरून उतरली ती जवळजवळ पडलीच. मधल्या खोलीचं दार ओढून घेतलं आणि त्यालाच पाठ लावून उभी राहिली.

"काका, आत येऊ नका. धूळ आहे."

"अगं, धूळ काय मला नवी आहे? फाउंड्रीच्या शेजारी तीस वर्षं काढली."

"तुम्हाला दमा आहे."

"दमा हर्षलच्या आईला होता."

"मग तुम्हाला होईल. पिंकी मला बोलेल."

केशवकाकांनी काठी दारावर टेकवली. दोघांच्या मध्ये एक फळी आणि तिच्यामागे तीन गंजके सरिया. "तुझा बाप मोठा हिकमती," ते खालच्या आवाजात म्हणाले, जणू कौतुकच. "मी त्याला कधी नावं ठेवली नाहीत हं. चोर म्हटलं, पण आदराने. मला नसतं जमलं. सरिया दिसतोय ना? जाड?"

सिंधूने दाराची कडी मागून घट्ट धरली. "दिसतोय," ती म्हणाली.

"बघ!" म्हातारा खूश होऊन काठी आपटत गेला.

एवढ्यावर तिने मिस्त्रीला थांबवायला हवं होतं. नाही थांबवलं. संध्याकाळपर्यंत जाळी लागली, प्लास्टर झालं, शनिवारी पुट्टीचा हात फिरला. छत असं झालं की बघत राहावं. शनिवारी ती मिसरोदला गेली, तर फ्लॅटच्या मालकाने स्वतःहून किल्ली दाखवली. "चांदूरकर मॅडम, महिना संपला, पैसे सोमवारी द्या नाहीतर दुसरी पार्टी आहे." वैशालीने तर स्वयंपाकघरातले हूक कुठे लावायचे तेही ठरवलं होतं. सिंधू त्या कोऱ्या छताकडे बघत बसली आणि पहिल्यांदा तिला ते छत आवडलं नाही.

"काय गं, तोंड का असं?" वैशालीने विचारलं.

"काही नाही. पुट्टी सगळीकडे सारखीच दिसते, नाही?"

रविवार उजाडला. हर्षल कडक इस्त्रीत, पिंकी नव्या साडीत, केशवकाका लोकरी टोपीत. नारळ आला, पेढे आले, बयान्याचा लिफाफा हर्षलच्या खिशातून डोकावत होता. बसवायचं तर मधल्या खोलीतच. व्हरांड्यात खुर्च्या पुरत नव्हत्या. सगळे त्या छताखाली बसले आणि सिंधू दारात उभी राहिली.

"ताई, तुम्ही बसा ना," पिंकी म्हणाली. "तुमचंच घर आहे. अभी तक."

"मी बरी आहे."

"किती छान केलं छत! देखो जी, एकदम नया." मग पिंकीने मोबाइल काढला. कुणाकडून तरी चित्रं करून घेतली होती. "हे बघा. इथे वर, बरोबर आपल्या डोक्यावर, चार बेडची खोली. ह्या बाजूला दूसरी. कॉर्नरला पाण्याची टाकी, मोठीवाली. आणि ह्या चारमधला पहिला बेड बुक पण झाला." ती हसली. "माझ्या भावाची मुलगी. अमृता. बारावी झाली की येते. भाऊ म्हणाला, दुसरीकडे नाही ठेवणार, तुझ्या छताखालीच राहील."

हर्षलने लिफाफा काढून पेढ्यांच्या शेजारी ठेवला. सिंधूने त्याच्याकडे बघितलं नाही. ती वर बघत होती. पांढऱ्या पुट्टीतून तिला ते तिन्ही सरिया स्पष्ट दिसत होते.

केशवकाकांना मात्र असा प्रसंग गोष्टीशिवाय जाऊ देणं जमण्यासारखं नव्हतं. त्यांनी घसा साफ केला. डबा आला, विजार आली, चौकीदाराचा सलाम आला. आज खांदा डावा होता. सुनेने शंभरदा ऐकलेली गोष्ट सून पुन्हा हसत ऐकत होती, आणि म्हातारा रंगात येऊन दाराकडे वळला.

"सांग गं सिंधू! आज तरी सांग. तुझ्या बापाने आणला की नाही सरिया?"

गंमत बघा. अख्खी कॉलनी पन्नास वर्षं तिच्या पाठीमागे बोलत होती. तिला तोंडावर हा प्रश्न कुणी कधी विचारलाच नव्हता.

"नाही," सिंधू म्हणाली.

"म्हणजे?"

"म्हणजे नाही आणला. वर नाहीच आहे, काका. जेवढा पाहिजे त्याच्या निम्मासुद्धा नाही."

पिंकीचं हसू तसंच राहिलं, फक्त डोळे सरकले. हर्षलने हळूच विचारलं, "ताई, भाव वाढवायचा असेल तर सरळ सांगा."

"अरे, भाव वाढवायला कुणी असं बोलेल का?"

पण खरा भडकला तो म्हातारा. टोपी मागे सरकली, काठी वर गेली. "खोटं! साफ खोटं! वसंता चोर होता! मी डोळ्यांनी पाहिलंय. त्याच्यासारखा चोर भोपाळात झाला नाही, आणि तू त्याची पोटची पोर असून त्याला भिकारी ठरवतेस? लाज नाही वाटत?"

सिंधू स्वयंपाकघरात गेली. परत आली तेव्हा हातात लोखंडी खलबत्त्यातला बत्ता होता. पिंकी खुर्ची मागे सारून उभी राहिली. "जी, इनको रोको!"

"सरका सगळे," सिंधू म्हणाली. "त्या पेढ्यांवर झाकण ठेवा."

झाकण कुणी ठेवलं नाही. ती स्टुलावर चढली आणि तिने बत्ता वर हाणला. पुट्टी सुटली, ओलं प्लास्टर थपकन लिफाफ्यावर पडलं. दुसरा घाव, तिसरा. गुडघ्यांत कळ गेली, पण ती थांबली नाही. जाळी लोंबायला लागली आणि तिच्यामागे तो तांबडा बारीक सरिया दिसला. ती तशीच पुढे हाणत गेली, स्टूल सरकवून पुन्हा चढली, आणि मग दुसरा दिसला.

हर्षलने मोबाइलचा दिवा वर धरला. बराच वेळ धरून ठेवला. यंत्रं विकणारा माणूस. अंतर डोळ्यांनी मोजायची सवय होती. त्याने दिवा बंद केला तेव्हा त्याचा गोड आवाज कुठे गेला होता कुणास ठाऊक.

"गुरुवारी कळलं ना तुम्हाला?"

"हो."

"आणि झाकलंत."

"झाकलं."

"मी आज सही केली असती."

सिंधू स्टुलावरून उतरली नाही. खाली उतरून काय करायचं तेच तिला सुचेना. पिंकीने पेढ्यांवरची माती झटकायचा एक निरर्थक प्रयत्न केला आणि मध्येच थांबली. "अमृता ऊपर सोती," ती म्हणाली. मग सिंधूकडे बघून, रागावून की काय ते तिचं तिलाही न कळून, म्हणाली, "गुस्सा करूं कि पाँव पडूं तुम्हारे? सांगा तुम्हीच."

हर्षलने लिफाफा उचलला, प्लास्टर झटकून खिशात घातला. "मग हे घर नाही, ताई. हा प्लॉट आहे."

केशवकाका मान वर करून बघतच राहिले. त्यांना घरी न्यायला दोघं लागले.

पुढचा आठवडा सिंधूचा कसा गेला विचारू नका. सोमवारी मिसरोदची किल्ली दुसऱ्या पार्टीकडे गेली. मधल्या खोलीत जाळी लोंबत होती, आणि समोरच्या घराच्या खिडक्या बंद. कॉलनीत नवी कुजबुज सुरू झाली, की सिंधूबाईचं डोकं फिरलं, गिऱ्हाइकाच्या अंगावर बत्ता घेऊन धावली. त्यात मोहरीलांकडच्या पेढ्यांचाही जीव गेला, असंही कुणी जोडलं.

मग एका सकाळी पिंकी एकटीच आली. चहा घेतला, दोन खारी बिस्किटं खाल्ली आणि म्हणाली, प्लॉटच्या भावाने घेतो. पाडायचा खर्च त्यातून वजा. भाव ऐकून सिंधूने डोळे मिटले. सुरुवातीला ज्याला पाणी विचारलं नव्हतं त्याच्यापेक्षा जरा बरा, इतकंच.

"थोडं वर करा, पिंकी."

"ताई, मी तर होच म्हणत होते. हे नाही म्हणतात. त्यांना तुम्ही झाकलं त्याचं लागलंय." तिने कप खाली ठेवला. "मला तुम्ही फोडलं त्याचं लागलंय. म्हणून मी आले."

सिंधूने हो म्हटलं. मिसरोदला वैशालीच्याच इमारतीत मागच्या बाजूला एक खोली-स्वयंपाकघर मिळालं, दुसऱ्या मजल्यावर. कडुलिंब नाही, समोर दुसऱ्या इमारतीची गच्ची. छत कोरडं आहे. गुडघे रोज जिन्यावर शिव्या देतात, पण छताला त्यात ओढत नाहीत.

घर पाडायला घेतलं त्या दिवशी ती उरलेली भांडी न्यायला आली होती. केशवकाका समोरच्या फुटपाथवर खुर्ची टाकून बसलेले. सकाळपासून तिथेच होते म्हणे, जेवायलाही आत गेले नाहीत. मजुरांनी शिडी लावून छत गाठलं, तेव्हा वर दोन फाटके पतंग आणि कुणाचा तरी रबरी चेंडू निघाला. प्रत्येक तुकडा खाली आला की म्हातारा मान पुढे काढून बघे, कुठल्या तरी कोपऱ्यात बारा एमएम निघेल अशा आशेने. स्लॅब पाडायला मजुरांना फारसे कष्ट पडले नाहीत.

"सिंधू," त्यांनी काठीने तिला खुणावलं. चेहरा पार उतरलेला. "सरिया नव्हता, मान्य. पण मी डबा उचलला होता गं. देवाशपथ जड होता. मग त्यात काय होतं?"

सिंधूला माहीत नव्हतं. घर बांधलं तेव्हा ती सहा वर्षांची. पण तेव्हा घरात असलेलं एक माणूस अजून होतं: वसंतरावांची धाकटी बहीण सुलभा, आता नागपुरात नातवंडांत रमलेली. सिंधूने तिथेच, रस्त्यावर उभं राहून फोन लावला आणि फोनचा आवाज मोठा केला.

"आत्या, केशवकाका विचारताहेत..."

"कोण केशव? मोहरील? आहे का अजून तो?" फोनमधून आत्या खणखणली. "त्याला म्हणावं, पत्त्यांत फसवायचास ते मला ठाऊक आहे."

केशवकाकांनी टोपी कानांवर ओढली. सिंधूने सरियाचं विचारलं, डब्याचं विचारलं.

"सरिया कुठून येणार गं? त्याच वर्षी माझं लग्न झालं. सरियासाठी ठेवलेलं सगळं दादाने मांडवात घातलं. मला म्हणाला, सुलू, तुझ्या मांडवाचे खांब माझ्या स्लॅबमधून काढलेत, तेव्हा नीट संसार कर. मला वाटलं, थट्टा करतोय."

"आणि डबा?" म्हातारा फोनवर जवळजवळ पडलाच. "सुलभे, डबा! आणि सायकल हाताने का आणायचा तो?"

"अरे, सायकलवर बसला तर हिंदकळलं नसतं का? आम्ही तेव्हा प्लॉटवर पत्र्याच्या खोलीत राहायचो. तू तर मागाहून आलास. हातपंपाला पाणी यायचं ते लालभडक, त्याने सिंधूचं पोट बिघडायचं. जड असणारच ना डबा! वाकायचा नाही, झाकण घट्ट बसत नव्हतं म्हणून."

"मग बोलला का नाही कधी?"

"मी विचारलं होतं. म्हणाला, पाणी वाहून नेतो म्हणून सांगू? त्यापेक्षा चोर बरा."

वसंतराव चांदूरकरांनी कारखान्यातून सरिया आणला नव्हता, सिमेंटही आणलं नव्हतं. नव्या कॉलनीत तेव्हा नळ आलेला नव्हता. डब्यात पिण्याचं पाणी असे.